ग्रामीण शिक्षकाची शिष्यवृत्ती : देणगी आणि दायित्व

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शिष्यवृत्ती हा शब्द कोणत्याही सार्वजनिक ट्रस्टला नवा नाही. दरवर्षी निकाल लागले की अर्ज येतात, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स प्रती तपासल्या जातात, समिती बसते आणि एखाद्या रविवारी सभागृहात टाळ्यांच्या गजरात पाकिटे वाटली जातात. त्या यादीत भावी डॉक्टर असतात, अभियंते असतात, सनदी लेखापाल होऊ इच्छिणारी मुले तर हमखास असतात. त्यांचे कौतुक व्हावयासच हवे. परंतु शिक्षक होऊ इच्छिणारा विद्यार्थी त्या यादीत क्वचितच आढळतो. आणि ‘शिक्षणशास्त्र पदविका घेऊन आपल्याच तालुक्यातील वाडीवर शिकवीन’ असे म्हणणारी मुलगी तर अर्जाच्या खिडकीपर्यंतही पोहोचत नाही. नव्वद टक्के गुणांची अट वाचूनच ती मागे फिरते.

तिच्या मागे फिरण्याने काय बिघडते, हे पाहावयाचे असेल तर एखाद्या द्विशिक्षकी शाळेत जून महिन्यात जावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. म्हणजे वर्ग पाच, शिक्षक दोन. त्यांपैकी एकाची मे महिन्यात बदली झाली आणि त्याच्या जागी कोणी आले नाही, तर उरलेला एकटा शिक्षक हजेरी घेतो, पोषण आहाराची नोंद ठेवतो, केंद्रावरील बैठकीस जातो, निवडणुकीची यादी अद्ययावत करतो आणि मधल्या वेळेत पाच वर्ग शिकवितो. तिसरीतील मूल पाढे म्हणत बसते. ते बरोबर म्हणते की चूक, हे ऐकावयास कोणी नसते. अशा मुलांची वर्षे परत मिळत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हा प्रश्न नेमका ओळखला आहे. गुणवान विद्यार्थ्यांनी, विशेषतः ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी, अध्यापनाकडे वळावे म्हणून चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रमासाठी देशभर मोठ्या संख्येने शिष्यवृत्त्या स्थापाव्यात, असे त्यात म्हटले आहे. त्यापुढे आणखी एक वाक्य आहे आणि ते अधिक मोलाचे आहे. ग्रामीण भागासाठी विशेष शिष्यवृत्त्या असाव्यात आणि शिक्षण पूर्ण होताच त्या विद्यार्थ्यास त्याच्या स्वतःच्या भागात नोकरीत प्राधान्य असावे, असा त्याचा आशय आहे. शाळेच्या आवारात वा जवळपास निवास द्यावा अथवा घरभाडे भत्ता वाढवावा, असेही तेथेच सुचविले आहे. निवासाची सूचना तशी जुनी आहे. १९६६ साली सादर झालेल्या कोठारी आयोगाच्या अहवालातही ग्रामीण शिक्षकांच्या घरांचा विचार आहे. मधल्या काळात इमारती पुष्कळ झाल्या. शिक्षकाला राहावयास खोली मात्र बहुतेक गावांत नाही. उलट तो मुख्यालयी राहत नाही म्हणून घरभाडे भत्त्याचा वाद अधूनमधून पेटत असतो.

शिक्षक गावाचा असावा, हा विचार महाराष्ट्राला दिल्लीहून आलेला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते गावात मिसळतील व लोकांच्या गरजा त्यांना कळतील, असे मांडले होते. शिक्षकांचा पगार वाढविण्याची मागणीही त्यात होती. पगार आणि आपलेपणा या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात आल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे ज्यांनी ज्यांनी या प्रश्नाला हात घातला, त्यांतील पुष्कळांनी एक धरली आणि दुसरी सोडली.

दोन्ही धरण्याचा यत्न ज्या पुरुषाने केला त्याचे चरित्र या सभागृहातील बहुतेकांना परिचित आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका शेतकरी जैन कुटुंबात झाला. समाजाला त्यांच्याविषयी आपुलकी वाटते ती स्वाभाविक आहे; परंतु त्यांना एका समाजाच्या चौकटीत बसविणे म्हणजे त्यांच्या कार्याचा संकोच करणे होय. तरुणपणी ते किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. फिरत्या विक्रेत्याला गाव जसे दिसते तसे ते अधिकाऱ्याला दिसत नाही. कोणाच्या घरी धान्य आहे, कोणाची उधारी कशाने थकली, कोणाचा मुलगा हुशार असून गुरे राखतो, हे त्याला ओट्यावर बसल्या बसल्या कळते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या धान्यासाठी सौभाग्यवती लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या.

येथवरची कथा सर्वांना ठाऊक असते. वक्ते बहुधा येथेच थांबतात. या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र त्यानंतरची आहे. १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. ते वर्ष पंचम जॉर्ज बादशहाच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाचे होते, त्यावरून ते नाव पडले. (महोत्सवी वर्षात कमानी आणि रोषणाई सर्वत्र होतेच, साताऱ्यात त्या नावाने शिक्षक घडविण्याची शाळा उभी राहिली. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्यांना हा तपशील कदाचित आवडेल.) तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही निघाले.

वसतिगृहानंतर अध्यापक विद्यालयच का काढावे लागले? कारण वसतिगृहात मूल आणून शिकविणे हा उपाय शंभर-दोनशे मुलांपुरता होता. हजारो मुलांसाठी शाळाच वाडीवर जावयास हवी होती आणि शाळा जावयाची तर आधी शिक्षक जावयास हवा होता. शहरात वाढलेला शिक्षक डोंगरातल्या वाडीवर टिकणार नाही, हे भाऊरावांना निराळे सांगावे लागत नव्हते. म्हणून खेड्यातूनच मुलगा उचलावा, त्याला वसतिगृहात ठेवावे, शिकवावे, शिक्षकाचे प्रशिक्षण द्यावे आणि खेड्यातच धाडावे, अशी ती साखळी होती. ज्या गावांत शाळा नव्हत्या तेथे ‘व्हॉलंटरी’ शाळा उघडल्या गेल्या. त्यांची संख्या पुढे पाचशेच्या वर गेली. त्या शाळांतील शिक्षकांचे वेतन तुटपुंजे होते. तरीही त्या चालल्या, कारण शिकविणारा आणि शिकणारा एकाच मातीतले होते आणि शिक्षकाच्या पाठीशी संस्था उभी होती. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले तेव्हा संस्थेची अध्यापक विद्यालये एकाहून अधिक झाली होती.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू. शिष्यवृत्ती दिली, शिक्षक झाला, पण खेड्यात गेलाच नाही तर? देणाऱ्याच्या मनात हा प्रश्न प्रथम येतो आणि त्यात गैर काहीच नाही. पैसा समाजाचा असतो. उत्तर म्हणून बहुतेकांना हमीपत्र सुचते. ‘इतकी वर्षे ग्रामीण शाळेत सेवा करीन, न केल्यास रक्कम सव्याज परत करीन’, असे मुद्रांक कागदावर लिहून घेतले की देणारा निश्चिंत होतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ग्रामीण सेवेच्या हमीपत्रांचे पुढे काय होते, हे महाराष्ट्रात अनेक घरांना ठाऊक आहे. ज्याची ऐपत असते तो दंड भरून मोकळा होतो.

शिक्षकांच्या बाबतीत हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला आणि त्याचा हिशेब उपलब्ध आहे. २००७ च्या कायद्याने तेथे ‘टीच ग्रँट’ नावाची योजना आली. भावी शिक्षकास वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत अनुदान. बदल्यात शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षे, गरीब कुटुंबांतील मुले ज्या शाळांत शिकतात तेथे आणि शिक्षकांची टंचाई असलेल्या विषयांत अध्यापन करावयाचे. अट पुरी न झाल्यास सगळे अनुदान कर्जात बदलणार आणि व्याज अनुदान मिळाल्या दिवसापासून लागणार. योजना कागदावर निर्दोष दिसते. परंतु अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार १ लाख १२ हजारांहून अधिक लाभार्थींपैकी सुमारे ३६ हजारांचे अनुदान तोवर कर्जात बदलले होते. त्यांत काही शिकवावयास गेलेच नव्हते, हे खरे. पण दोन हजारांहून अधिक प्रकरणांत ते रूपांतर चुकून झाले होते. शिवाय पुष्कळ शिक्षक गरीब मुलांच्या शाळेत प्रत्यक्ष शिकवीत असतानाही वार्षिक प्रमाणपत्र काही दिवस उशिरा पोहोचले, एखादी सही राहिली, एवढ्या कारणाने कर्जदार ठरले. २०१८ मध्ये हे प्रकरण वृत्तमाध्यमांनी लावून धरल्यावर सरकारला फेरविचाराची वाट काढावी लागली आणि पुढे नियम सैल करावे लागले.

या उदाहरणाचा अर्थ हमी घेऊच नये असा नाही. खातेवहीत नाव लिहिल्याशिवाय कोणताही दुकानदार कापड उधार देत नाही. परंतु नाव लिहिणारा दुकानदार गिऱ्हाइकाचे घरही ओळखत असतो. पाऊस पडला नाही तर हप्ता का आला नाही हे त्याला पत्राने विचारावे लागत नाही. अमेरिकेच्या योजनेत हिशेब होता, ओळख नव्हती. शिक्षक कोठे शिकवितो, त्याची अडचण काय, याची चौकशी करणारा माणूस साखळीत कोठेच नव्हता. होती ती फक्त मुदत. भाऊरावांच्या व्यवस्थेत ओळख आधी होती.

महाराष्ट्रात आज असा विद्यार्थी तयार करावयाचा म्हटले तर वाट कशी आहे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. कारण सद्भावनेने दिलेली मदत चुकीच्या वाटेवर खर्च होऊ शकते. पहिली गोष्ट अभ्यासक्रमाची. अनेक ट्रस्ट ‘शिक्षक’ म्हटले की बी.एड.ला मदत देतात. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. त्या वर्गांसाठी दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणाची पदविका, पूर्वीची डी.एड. आणि आताची डी.एल.एड., लागते. वाडीवरच्या शाळेला नेमका हाच शिक्षक हवा असतो. त्याखेरीज २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आहे आणि भरतीसाठी अभियोग्यता चाचणी निराळी. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत सुरू झाला आहे; खेड्यातील मुलीला तो अद्याप दूर आहे.

दुसरी गोष्ट नोकरीची, आणि ती अधिक कठीण आहे. एके काळी डी.एड.ला प्रवेश मिळणे हे भाग्य समजले जाई; घरातील दागिना गहाण ठेवून देणगी भरली जाई. नंतर २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली आणि अनेक वर्षे मोठी भरती झाली नाही. पदविका हाती असलेली मुले खासगी शिकवण्या, दुकाने, शेतमजुरी यांकडे वळली. अध्यापक विद्यालये एकामागून एक ओस पडली. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, तिच्या नेमणुका २०१९ मध्ये मिळू लागल्या. पुढली चाचणी थेट २०२३ साली. अशा खंडित भरतीत ज्या पिढीची वये उलटली, तिच्या घरी आज ‘शिक्षक हो’ असे धाकट्या भावंडाला कोणी सांगत नाही. भरतीचा निर्णय शासनाचा असतो, ट्रस्टचा नाही. पण मदत देताना हे विद्यार्थ्यापासून लपविणे म्हणजे त्याची फसवणूक होईल.

तिसरी गोष्ट गावाची. भरती राज्यभराच्या गुणवत्ता यादीने होते. नंदुरबारच्या मुलाला रत्नागिरी मिळू शकते आणि यवतमाळच्या मुलीला सिंधुदुर्ग. ती मुले जातात, मनापासून शिकवितातही. परंतु आईवडील शेकडो किलोमीटरवर असले की पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणे सुरू होते, आणि ती मिळाली की कोकणातील शाळा पुन्हा रिकामी होते. यात त्या शिक्षकाला दोष देता येत नाही. कोणाचा मुलगा असा पाठवून द्यावा लागला तर तो परत यावा असेच त्या घराला वाटेल. २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने अवघड क्षेत्र निराळे ओळखले आणि तेथे सेवा केलेल्यांना बदलीत प्राधान्य दिले. त्याने न्याय झाला, पण अवघड क्षेत्र हे काही वर्षे काढून सुटावयाचे ठिकाण आहे, हा समजही त्यामुळे पक्का झाला. राष्ट्रीय धोरणातील ‘स्वतःच्या भागात प्राधान्य’ हे वाक्य यासाठीच मोलाचे. ते प्रत्यक्ष नियमात उतरेपर्यंत कोणतीही शिष्यवृत्ती अर्धीच राहणार, आणि ते उतरावे म्हणून लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा करणे हेही शिष्यवृत्ती देण्याइतकेच ट्रस्टचे काम ठरते.

मग अर्ध्याच शिष्यवृत्तीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. दुर्गम तालुक्यातील बारावीच्या मुलीला अडविते ते केवळ शुल्क नव्हे. अध्यापक विद्यालय जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी असते. तेथील खोलीचे भाडे, मेस, सराव पाठांचे साहित्य, दोन साड्या, परीक्षा फी आणि घरी गेलेली तिची मजुरी, हा सगळा खर्च घरची मंडळी धरतात आणि मग तिच्या लग्नाचे बोलू लागतात. बाप वाईट नसतो. दोन वर्षांनी नोकरी लागेल याची त्याला खात्री नसते. अशा वेळी ट्रस्टचा माणूस घरी येऊन ओट्यावर बसला, तर बापाचे मन वळण्याचा संभव पाकिटातील रकमेपेक्षा अधिक असतो. म्हणून निवड सभागृहात न होता गावात व्हावी. गुणांची अट साठ टक्क्यांवर आणावी आणि त्या घरातील पहिलीच शिकणारी मुलगी असेल तर तिला पुढे घ्यावे. शिफारस आमदारांची नको, ज्या शाळेत ती शिकली त्या शाळेच्या गुरुजींची घ्यावी. तिला लहान मुलांत बसावयास आवडते की नाही हे त्यांना नेमके ठाऊक असते.

संख्या मोठी असण्याची गरज नाही. वर्षाला पाचच घ्यावेत, पण पदविकेची दोन वर्षे आणि त्यानंतरची तीन, असे पाच वर्षे त्यांना सोडू नये. नोकरी लागली तरी शिक्षण सेवकाची तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. २००० साली ही पद्धत आली तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाला महिना तीन हजार रुपये मिळत. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. सोळा हजारांत परजिल्ह्यात खोली घेऊन घरी चार पैसे पाठविणे काय असते, हे हिशेबी माणसाला समजावून सांगावयास नको. शिक्षक गाव सोडतो तो बहुधा याच काळात, आणि ट्रस्टची मदत नेमकी त्याच्या आधी संपलेली असते. देणगीचे निम्मे पैसे शिक्षण चालू असताना आणि निम्मे त्या तीन वर्षांत, गावातील खोलीच्या भाड्यासाठी द्यावेत. सत्काराच्या छायाचित्रात खोलीभाडे दिसत नाही, हे खरे आहे.

हमीपत्र घ्यावयाचे तर साध्या कागदावर, साध्या मराठीत घ्यावे आणि त्यात व्याजाचा उल्लेख नसावा. वर्षातून एकदा दोन विश्वस्तांनी त्या शाळेत जाऊन दिवसभर बसावे; प्रमाणपत्र मागविण्याचे कारण उरणार नाही. भरतीच निघाली नाही तर विद्यार्थिनीवर परतफेडीचा बोजा टाकू नये. तिने तेवढा काळ वाडीवरील मुलांचा संध्याकाळचा वर्ग घ्यावा आणि त्याचे मानधन ट्रस्टने द्यावे.

प्रवेशाची प्रक्रिया उन्हाळ्यात सुरू होते आणि पहिला हप्ता, खोलीची अनामत, पुस्तके हे सगळे एकाच पंधरवड्यात उभे राहते. गुणवंतांचा सत्कार मात्र सोयीनुसार दिवाळीच्या सुमारास होतो. तोवर ज्यांना अडायचे ते अडलेले असतात. निदान या पाच जणांची रक्कम समारंभाची वाट न पाहता, प्रवेश निश्चित झाल्याचे पत्र मिळताच आठ दिवसांच्या आत बँकेत जमा व्हावी.